बिलाच्या रोलवरचा महामार्ग

रविवार, ११ डिसेंबर २०२२, जळगाव

आज समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. नागपूर ते शिर्डी, ५२० किलोमीटर, सहापदरी. दुपारभर टीव्हीसमोरून हललो नाही. बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "आपल्या लग्नाची कॅसेट तुम्ही कधी इतकी डोळे फाडून पाहिली नाही." तिचं काही चूक नाही.

मला मोठे रस्ते आवडतात. घाटातला निसर्ग वगैरे नाही, रस्ताच. उंच भराव, त्यावरून सरळ पळणारे पदर, कडेला बारीक पट्टीसारखा सर्व्हिस रोड, डोक्यावरून जाणाऱ्या निळ्या-हिरव्या पाट्या. त्याहून जास्त आवडतं ते रस्ता रुंद होताना बघणं. पोकलेन उभं असलं की माझी गाडी आपोआप हळू होते.

समृद्धी मात्र खान्देशाला वळसा घालून गेला. आपल्याला तो गाठायचा तर आधी अजिंठ्याचा घाट चढून औरंगाबादकडे जायचं, आणि त्या रस्त्याबद्दल आज शुभ दिवशी बोलत नाही. आपला रस्ता म्हणजे ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. तोही रुंद होतोच आहे, आपल्या चालीनं.

म्हणून आजपासून प्रकल्प. फागणे ते तरसोद साधारण ८७ किलोमीटर, तरसोद ते चिखली ६३. मिळून दीडशे. दुकानात बिलाच्या मशीनचे रोल पडून आहेत, कागद लांबच लांब. एक किलोमीटरला दहा सेंटिमीटर धरले तर पंधरा मीटरमध्ये धुळ्याच्या वेशीपासून मुक्ताईनगरच्या पुढपर्यंतचा महामार्ग बसतो. लाल पेन म्हणजे दोन पदरी, निळ्या तिरप्या रेघा म्हणजे काम चालू, काळा म्हणजे चौपदरी झाला. पंपांच्या सुट्या भागांच्या उधारीसाठी पंधरा दिवसांतून एकदा धुळ्याला जावंच लागतं, त्यामुळे डिझेलचा वेगळा खर्च नाही. (हे वाक्य घरच्यांसाठी.)

रविवार, १८ डिसेंबर

पहिली फेरी. सकाळी साडेसहाला निघालो. बांभोरीचा पूल, डावीकडे गिरणा, वर विद्यापीठाची टेकडी, मग पाळधी. मुलगी शेजारी बसून मोबाइलवर किलोमीटर वाचत होती, मी बोलत होतो, ती कच्च्या वहीत उतरवत होती. एरंडोल, पारोळा, फागणे. परत येताना उलट तपासणी.

वाटेत एक जुना मैलाचा दगड सापडला, पिवळ्या डोक्याचा, अर्धा मातीत. त्यावर अजून "रा. म. ६". मुलीला कळेना. तिला ५३च माहीत. २०१० साली देशभरचे नंबर बदलले. आता दक्षिणोत्तर रस्त्यांना सम आकडे आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. म्हणून हजिऱ्याहून सुरत, धुळे, नागपूर करत पारादीपला जाणारा आपला सहा नंबर त्रेपन्न झाला. धुळे-सोलापूरचा २११ बावन्न झाला, आणि मुंबई-आग्र्याचा तीन नंबर धुळ्यातच तुटला, उत्तरेला बावन्न, नाशिककडे साठ. पण धुळेकर अजून "तीन नंबर"च म्हणतात आणि मला त्यातच बरं वाटतं. आशियाई महामार्गांच्या जाळ्यातले ४६ आणि ४७ हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात ते धुळ्यातच. लोकांना धुळं म्हटलं की शेवभाजी आठवते.

रोलवर आज बावीस किलोमीटर चढवले. रेघ सरळ येत नाही, रोल गुंडाळी सोडत नाही. दोन्ही टोकांना पंपाचे इम्पेलर ठेवले वजनाला.

रविवार, ८ जानेवारी २०२३

भरीताचे दिवस. मेहुण्यांच्या शेतात पार्टी होती, तिकडे अकरापर्यंत पोचायचं होतं. मी साडेबाराला पोचलो. कारण पाळधीच्या अलीकडे भराव चालू होता.

कंत्राटदाराच्या कामगारांनी हाकललं नाही, हे त्यांचे उपकार. काळी माती आपल्याला कपाशीला सोनं, रस्त्याला मात्र वैरी. पाणी प्यायली की फुगते, मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वर कितीही चांगलं डांबर घाला, खालची जमीन श्वास घेत राहिली तर रस्त्याच्या लाटा होतात. जुन्या रस्त्यावर वरणगावकडे जाताना एसटीत मागच्या सीटवर बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून वरच्या अर्ध्या मीटरला बाहेरून चांगला मुरूम आणतात. हायवा येतो, ढीग ओततो, ग्रेडर पातं तिरकं करून पसरवतो, टँकर पाणी मारतो, मग रोलर. थर दाबून वीतभरसुद्धा जाड नसतो. मग पुढचा थर.

एक पोरगा उकिडवा बसून दाबलेल्या थरात छिन्नीनं गोल भोक पाडत होता. वाटीच्या तोंडाएवढं, थराच्या जाडीइतकं खोल. निघालेली माती चमच्यानं शेवटच्या कणापर्यंत गोळा करून पिशवीत. मग त्या भोकावर एक डबा ठेवला, झडप उघडली, डब्यातली कोरडी वाळू भोकात उतरली. डब्याचं वजन आधी आणि नंतर. किती वाळू गेली त्यावरून भोक केवढं ते कळतं, भोक आणि माती यांवरून थर किती घट्ट बसला ते. मी विचारलं, "नापास झालं तर?" तो म्हणाला, "तर पुन्हा पाणी, पुन्हा रोलर, आणि मला शिव्या." त्याच्या नखांत मुरूम होता आणि वजनकाट्याला वारा लागू नये म्हणून त्यानं भोवती सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा आडोसा केला होता.

भरीत थंड झालं होतं. कळण्याची भाकरी मिळाली. मेव्हण्यांनी विचारलं, "मुरूम खाऊन आलात का?"

रविवार, २९ जानेवारी

ह्यूस्टनहून पुतण्याचा व्हिडिओ आला. मी दोन महिन्यांपासून मागे लागलो होतो, "केटी फ्रीवेवरून जाशील तेव्हा काचेला मोबाइल लावून शूट कर." केलं एकदाचं. सतरा मिनिटं. मी तीनदा पाहिलं, दुसऱ्यांदा आवाज बंद करून.

केटी फ्रीवे म्हणजे तिथला आय-१०. २००८ साली रुंदीकरण पूर्ण झालं, आणि काही ठिकाणी सर्व्हिस रोडसकट मोजले तर सव्वीस पदर भरतात. सव्वीस! आपल्या भागात सव्वीस पदर म्हणजे एका गावचं शिवार. तिथे जागा कुठून आली विचारलं, तर शेजारून एक जुनी रेल्वेलाइन जात होती, ती उखडली आणि ती पट्टी रस्त्यात घेतली. हे भुसावळकरांना कुणी सांगू नका.

मला सर्वांत गंमत वाटली ती कडेच्या रस्त्यांची. मुख्य रस्त्याला लागून दोन्ही बाजूंनी मैलोगणती एकदिशा रस्ता, दुकानं-पंप-हॉटेलं सगळी त्याच्यावर. ह्यूस्टनवाले त्याला "फीडर" म्हणतात. अरे, म्हणजे आपले समांतर रस्ते! जळगावात महामार्गावर माणसं मरत राहिली, त्यापायी समांतर रस्त्यांसाठी किती मोर्चे, किती उपोषणं झाली. तोच हा रस्ता, टेक्सासात नेहमीची गोष्ट.

पुतण्याला विचारलं, "मग आता गर्दी नसेल?" तो हसला. "काका, मी हे शूट केलं ते रविवारी सकाळी. संध्याकाळी पाचला केलं असतं तर सतरा मिनिटांत पहिला पूलसुद्धा आला नसता." म्हणे रस्ता रुंद झाला, मग लोक आणखी लांब राहायला गेले, मग रस्ता पुन्हा भरला. अँथनी डाउन्स नावाच्या माणसानं हे १९६२ सालीच मांडून ठेवलंय. मला पटलं नाही. त्यांच्याकडे घराघरात तीन गाड्या, आपल्याकडचा हिशोब वेगळा. असं मी त्याला म्हणालो.

रविवार, १९ मार्च

अवकाळी. पारोळ्याच्या अलीकडे डायव्हर्जनवर चिखल, माझ्यापुढे केळीचा ट्रक आडवा, मागे एसटी. पावणेदोन तास. नकाशात काहीच भर नाही, फक्त एका ठिकाणी निळ्या रेघा होत्या तिथे "चिखल" लिहिलं.

ढाब्यावर थांबलो. तिथले बाबा मला ओळखायला लागलेत.

"काय भो, आजबी रस्ता देखाले?"

"हां बाबा."

"हाऊ रस्ता कव्हय व्हई, सांग बरं."

मी म्हटलं, होईल लवकरच. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाले, मुलाच्या लग्नात असंच सांगत होते, आता नातू शाळेत जातो. मागच्या जूनमध्ये याच ५३ नंबरवर अमरावती ते अकोला भागात ७५ किलोमीटरचा डांबरी पदर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला, गिनीज बुकात नाव गेलं. ते बाबांना सांगावं की नाही, कळेना. नाही सांगितलं.

रविवार, १४ मे

वाईट दिवस.

चौऱ्याऐंशी किलोमीटरचा नकाशा झाला होता. पाच महिन्यांचं काम. काल धुळ्याहून येताना रोल डॅशबोर्डवर राहिला, गाडी दुकानासमोर उन्हात. सध्या पारा चव्वेचाळीसच्या खाली येत नाही. दुपारी चारला काच उघडली तर रोल काळाठिक्कर. बाहेरचे वेढे पार काळे, आतले करडे, अगदी गाभ्यात कुठे रेघ दिसते. लाल-निळं-काळं सगळं एकाच रंगात.

बिलाचा कागद हा उष्णतेनंच काळा होतो, मशीनमध्ये शाई नसतेच. गेली बारा वर्षं मी रोज त्यावर बिलं फाडतोय. गिऱ्हाइकाला स्वतः सांगतो, "साहेब, वॉरंटीसाठी बिलाची झेरॉक्स काढून ठेवा, उडून जातं." आणि स्वतःचा महामार्ग त्यावर काढला.

मुलगी म्हणाली, "पप्पा, आता सगळा रस्ता काळा म्हणजे चौपदरी पूर्ण झाला." हसू आलं नाही. आता येतंय थोडं.

मंगळवार, ३० मे

बातमी: मुंबईच्या कोस्टल रोडच्या दुसऱ्या बोगद्याचं खोदकाम आज संपलं. "मावळा" नावाचं यंत्र, १२ मीटरहून जास्त व्यासाचं, प्रियदर्शिनी पार्क आणि गिरगाव चौपाटी यांच्यामध्ये प्रत्येकी दोन किलोमीटरचे दोन बोगदे. पहिला गेल्या वर्षी जानेवारीत झाला होता. नकाशा गेल्यापासून वहीत लिहायचं मन नव्हतं. आज लिहिलं.

रविवार, ९ जुलै

दुसरा नकाशा. कागद ड्रॉइंगचा, पट्ट्या कापून मागून डिंकाच्या कापडी पट्टीनं जोडलेला. पेन्सिलनं आधी, मग पेन.

पण या वेळी सूची बदलली, आणि त्याचं कारण लिहून ठेवतो. डिसेंबरपासून मी फेरीची वेळही लिहीत होतो. पहिला नकाशा गेला तरी त्या वेळा कच्च्या वहीत शाबूत आहेत. काल सगळ्या एका कागदावर मांडल्या. शहरातला पट्टा, खोटेनगर ते कालिंका माता, सात-आठ किलोमीटर, चौपदरी केव्हाच झालेला. दोन पदरी होता तेव्हा माझ्या आठवणीत वीस-बावीस मिनिटं. आता चौपदरीवर किती? अठरा, एकोणीस, सोळा, एकवीस. रस्ता दुप्पट झाला आणि माझी वाचली तीन मिनिटं!

भुयारी मार्गांवरून गाडी सुसाट जाते, हे खरं. पण मग आकाशवाणी चौक येतो, इच्छादेवी येतो, अजिंठा चौफुली येते. गोल फिरा, थांबा, रिक्षाला वाट द्या. मोकळ्या पदरातून तासाला दोनेक हजार मोटारी सहज जातात. पण चौकात तो पदर अर्धा वेळ अडून राहिला, तर राहिले हजार. मग दोन पदरांचे चार केले काय, चौकानं त्यांचे पुन्हा दोनच केले. फ्रीवेतला "फ्री" टोल माफ असल्याचा नाही, अडवणूक नसल्याचा. मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेला मराठीत "पूर्व मुक्त मार्ग" म्हणतात, ते मी आजवर सरकारी भाषांतर समजत होतो. नाव अगदी बरोबर आहे.

तर आता मी पदर मोजत नाही, कट मोजतो. दुभाजकात जिथे फट आहे तिथे टिंब. अधिकृत कट हिरवा, लोकांनी पाडलेला लाल. लाल जास्त निघणार हे निघतानाच माहीत होतं.

कट कसा पडतो ते जवळून पाहिलंय. आधी मोटरसायकलवाले दुभाजकाच्या मातीवरून पायवाट पाडतात. मग एक दगड सरकतो. मग समोरच्या हॉटेलवाल्याला रात्री झोप येत नाही, आणि सकाळी दोन दगड नाहीसे झालेले असतात. पंधरा दिवसांत तिथून ट्रॅक्टर वळतो, पाठीमागे उसाची किंवा कपाशीची ट्रॉली, ट्रॉलीचा मागचा दिवा हा आपल्याकडे अंधश्रद्धेचा विषय. ताशी नव्वदनं येणाऱ्याला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पण शेतकऱ्याची बाजूही आहे. त्याची विहीर रस्त्याच्या अल्याड, शेत पल्याड. पुढचा बोगदा दोन किलोमीटरवर. बैल घेऊन चार किलोमीटरचा फेरा रोज कोण घालेल? रस्ता आखणाऱ्यानं हे आधी त्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मावसभावाची जमीन गेली, मोबदला मिळाला, पोच रस्ता मिळाला नाही. तो मला म्हणतो, "तुझ्या नकाशात माझी विहीर कुठंय?" काढली. निळा ठिपका.

रविवार, १९ नोव्हेंबर

दिवाळी, लग्नं, कपाशीचा भाव, या सगळ्यात चार महिने गेले. वहीत मधल्या दोन फेऱ्या आहेत, पण त्यांत लिहिण्यासारखं नाही.

आज तरसोदच्या बाजूनं, नशिराबादचा टोल भरून मुक्ताईनगरपर्यंत. हा तुकडा मला फार आवडतो, हे कबूल करतो. भुसावळच्या पुढे दीपनगरची धुरांडी दिसायला लागतात, राखेचे बल्कर सोबतीला, आणि चारही पदर असे मोकळे की खिडकी उघडून नुसता टायरचा आवाज ऐकत जावं. बायको आज बरोबर होती, मुक्ताईच्या दर्शनाला. ती म्हणाली, "एवढं छान वाटतं तर गाणी लावा ना." मी म्हटलं, ऐक ना नुसतं. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि झोपली.

कट मात्र इथेही. वरणगावच्या आसपास टिंबांची माळ झाली.

गुरुवार, १४ मार्च २०२४, मुंबई

बहिणीकडे चेंबूरला आलोय, कारण सांगायला भाच्याचा साखरपुडा. खरं कारण हे: कोस्टल रोडची वरळीकडून मरीन ड्राइव्हकडे जाणारी बाजू परवा मंगळवारी गाड्यांसाठी उघडली. सध्या सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच.

पहाटे साडेपाचला मेव्हण्यांची गाडी मागून घेतली. आधी ईस्टर्न फ्रीवे. जवळपास चौदा किलोमीटर, चेंबूरच्या पांजरापोळपासून पी. डिमेलो रोडपर्यंत. दोनचाकी नाही, रिक्षा नाही. अणुशक्तीनगरचा बोगदा संपतो आणि एकदम रस्ता वर उचलला जातो. उजव्या हाताला झोपलेली मुंबई, डावीकडे तुर्भ्याच्या कारखान्यांचे दिवे, मग शिवडीची दलदल. एक सिग्नल नाही, एक कट नाही. मी वेगात नव्हतो, सत्तरच्या आसपास. पण ब्रेकला पाय लागला नाही. जळगावात मी दुकानापासून घरापर्यंत किती वेळा ब्रेक दाबतो ते एकदा मोजायला हवं.

परत फिरून शिवडीहून अटल सेतू. जानेवारीत सुरू झाला, २१.८ किलोमीटर, एका बाजूचे अडीचशे रुपये. पैसे देताना हात जड झाला, पण तिकडे टोकाला चिर्ल्याला पोचेपर्यंत वसूल झाले. पाण्यावर सूर्य उगवत होता वगैरे, मी रस्त्याच्या जोडांचा आवाज ऐकत होतो. ठक-ठक, ठरावीक अंतरानं.

कोस्टल रोडला मात्र आठ वाजता वरळीत रांग. उघडून तीन दिवस झाले आणि रांग! पुतण्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर एकच, "पाच वाजता ये म्हणावं." बोगद्यात शिरल्यावर रांग सुटली. दोन किलोमीटर पांढरा उजेड, डोक्यावर मलबार हिल, आणि बाहेर पडलो तर थेट मरीन ड्राइव्ह. तिथे पहिला सिग्नल लागला. लाल. पुढे तीनशे गाड्या. बोगद्यातून जेवढं वाचवलं होतं तेवढं त्या सिग्नलनं परत घेतलं. आकाशवाणी चौकाची आठवण झाली.

साखरपुड्याला वेळेत पोचलो, पण बहिणीनं ओळखलं. "दादा, तू पूल बघून आलास ना?"

रविवार, ३१ मार्च

नकाशा भिंतीवर लावायला पंधरा मीटर भिंत नाही. दुकानाच्या गोडाउनमध्ये पाईपांच्या रॅकवरून तीन ओळींत लावला. फागणे वर, पाळधी मधल्या ओळीत, चिखली खाली. हिरवी टिंबं आणि लाल टिंबं. निळा ठिपका एकच.

संध्याकाळी पाळधीकडे चक्कर. भरावाच्या जागेवर आता रस्ता आहे, तो वाळूच्या डब्याचा पोरगा कुठे गेला कोण जाणे. त्याच्या भोकावर आता गाड्या धावतील.

मागच्या महिन्यात एक लाल कट बंद झाला होता, काँक्रीटचे तीन ठोकळे टाकून. मी नकाशात त्याच्यावर फुली मारून तारीख घातली होती. आज तिथे दोनच ठोकळे आहेत. तिसरा बाजूला हॉटेलसमोर आडवा, त्यावर दोघं बसून चहा पीत होते. मी गाडी थांबवून फोटो काढला. त्यांतला एक म्हणाला, "दादा, तुम्हालाबी वळायचंय का? वळा की इथूनच."

फुली खोडली. पुन्हा लाल.